जुन्या काडतुसांचा भाव

विंचेस्टरची जुनी ‘सिल्व्हरटिप’ काडतुसं, .३०० सॅव्हेज मापाची, १५० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), वीस नगांची पेटी. वर अस्वलाचं चित्र आणि कडेला कुणा हार्डवेअरवाल्याने पेन्सिलीने टाकलेली किंमत: चार डॉलर पंधरा सेंट. मी तिचे नव्वद मोजले. फार घासाघीस केली नाही. मला ती पेटी हवी होती आणि विकणाऱ्याला ते माझ्या तोंडावर दिसत होतं.

ओळखीच्या मराठी मंडळींत हे सांगितलं की दोन प्रश्न येतात. हरणं कशाला मारतेस, हा पहिला. आणि मारायचीच तर सत्तर वर्षांपूर्वीच्या गोळ्यांवर एवढे पैसे कशाला घालवतेस, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर द्यायला मी आता कचरत नाही. मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथले लांडगे आणि डोंगरी सिंह माणसांनी एकोणिसाव्या शतकातच संपवले. हरणंही जवळपास संपलीच होती. १९०६मध्ये मिशिगनमधून हरणं आणून इथल्या रानात सोडावी लागली. आज या एका राज्यात पंधरा लाखांच्या आसपास हरणं आहेत आणि त्यांची संख्या आवरणारं जनावर उरलेलं नाही. ॲलेगेनीच्या जंगलात वनखात्याने जाळीचं कुंपण घालून काही तुकडे राखलेत. ते एकदा पाहावेत. कुंपणाच्या आत ओक, मेपल, चेरीची रोपं माणसाच्या कमरेला लागतात, आणि बाहेर, हातभर अंतरावर, नुसतं नेच्याचं रान, कारण नेचे हरणं खात नाहीत. म्हातारी झाडं पडतील तेव्हा त्यांच्या जागी यायला खाली एक रोप नाही. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं, तिथल्या रानाची गरज ती होती. इथल्या रानाची गरज वेगळी आहे. शिवाय मी मारलेलं हरीण आम्ही खातो. ज्याला मांस खायचं आहे त्याने ते कुठून येतं हे एकदा तरी स्वतःच्या हातांनी करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, आणि ते रायफलीपासून सुरू होतं.

ती रायफल आमच्या शेजाऱ्यांची. नव्वदीला टेकलेले गृहस्थ. समोर मी त्यांना इथल्या रीतीने नावाने हाक मारते, घरात मात्र आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. परवान्यासाठीचा शिकार-सुरक्षेचा वर्ग मी केला तो त्यांच्यामुळे. वाऱ्याची दिशा, माग काढणं, झाडाला पाठ लावून तासन्‌तास न हलता बसणं हे सगळं त्यांनी शिकवलं. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी रायफल माझ्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाले, “भिंतीला टांगू नकोस. भिंतीवर टांगायला कॅलेंडरं आहेत.”

सॅव्हेज कंपनीची मॉडेल ९९. हे यंत्र ज्याने बनवलं तो आर्थर सॅव्हेज जन्मला जमैकात आणि कारखाना काढला न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात. मॉडेलचं नाव पडलं ते १८९९ सालावरून. त्या काळच्या बहुतेक लिव्हरच्या (चापाजवळची कडी ओढून पुढचं काडतूस भरायच्या) रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक भरायची. मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे तळातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला, टेकायचं. त्यामुळे गोळी बोथट ठेवणं भाग होतं, नाहीतर धक्क्याने नळकांड्यातच स्फोट व्हायचा. सॅव्हेजने रायफलीच्या पोटात एक फिरतं पितळी रीळ बसवलं. प्रत्येक काडतुसाला त्यात स्वतःची खाच. टोकदार गोळी बिनधोक वापरता येऊ लागली, आणि टोकदार गोळी लांबवर सरळ जाते. डाव्या अंगाला नखाएवढी खिडकी आहे. आत किती काडतुसं शिल्लक आहेत तो आकडा तिच्यात दिसतो. लिव्हर ओढली की तो आकडा हलतो. ही खिडकी मला फार आवडते. धातुशास्त्र शिकलेल्या बाईला यंत्रात इतकी साधी आणि इतकी चोख गोष्ट दिसली की तिचा हात तिथून निघत नाही.

आबांची रायफल १९५०च्या दशकातली, मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सच्या कारखान्यातली. काडतूस .३०० सॅव्हेज. ते १९२० साली बाजारात आलं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना लष्कराच्या .३०-०६च्या ताकदीची सवय झालेली, पण ते काडतूस या रायफलीच्या पोटात मावणारं नव्हतं. म्हणून आखूड पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचातून, जवळजवळ तेवढाच वेग काढला: १५० ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे २,६३० फूट. पूर्वेकडच्या दाट रानात, जिथे शंभर यार्डांपलीकडे काही दिसतच नाही, तिथे याहून जास्त काही लागत नाही. पेनसिल्व्हेनियात हरणांसाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, रायफल चालत नाही, त्यामुळे लिव्हरच्या आणि पंपाच्या रायफलींना इथे वेगळाच मान आहे. पॉटर काउंटी या इथल्या जिल्ह्यातल्या जुन्या शिकार-कॅम्पांवर ९९ अजून हमखास दिसते.

या काडतुसाचा घात त्याच्याच पोराने केला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराला .३०-०६पेक्षा आखूड काडतूस हवं होतं. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनल या लष्करी दारूगोळा कारखान्यात प्रयोग सुरू झाले ते .३०० सॅव्हेजचीच पुंगळी हाती घेऊन. त्यातून पुढे ७.६२ नाटो काडतूस ठरलं, १९५४मध्ये. त्याचं नागरी भावंड, .३०८ विंचेस्टर, त्याच्याही आधी, १९५२ला दुकानात आलं. थोडा जास्त वेग, लष्कराचा शिक्का, आणि नव्या रायफली सगळ्या त्याच मापाच्या. .३०० सॅव्हेजला मग कुणी विचारेना.

आपल्या सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलीचं काडतूसही तेच ७.६२. माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९पासून चालत आलेल्या त्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातले डबे भरले जायचे. आबांच्या रायफलीचं काडतूस आणि बाबांच्या कारखान्यातलं काडतूस एकाच घराण्यातलं निघालं हे कळलं त्या रात्री मी पुण्याला फोन लावला. हरणाबद्दल, शिकारीबद्दल बाबांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “पितळ कसं आहे?” मी म्हटलं, जुनं आहे, पण चकचकीत आहे. ते म्हणाले, “चकाकीवर जाऊ नकोस. मान बघ. भिंग घेऊन बघ.” मान म्हणजे पुंगळीचा गोळी धरून ठेवणारा निमुळता भाग.

आता भावाकडे येते. काडतुसांच्या कारखान्याला यंत्रं एका मापावरून दुसऱ्या मापावर न्यायला वेळ लागतो, पैसा लागतो. जे खपतं ते आधी बनतं: ९ मिलिमीटर, .२२३, आणि रायफलींत .३०८ आणि ६.५ क्रीडमूर. .३०० सॅव्हेजसारख्या मापांची पाळी मधूनच कधीतरी येते, एकदाच माल निघतो, तो दुकानांत पसरतो आणि संपतो. २०२०ला महासाथ आली आणि लोकांनी दिसेल ती काडतुसं उचलली. त्याच उन्हाळ्यात काडतुसं बनवणारी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. घरी काडतुसं भरणाऱ्यांना प्रायमर मिळेनात. दोनेक हंगाम असे गेले की नव्या .३०० सॅव्हेजची पेटी मला कुठल्याही फळीवर दिसली नाही. तेव्हापासून मी जुन्या पेट्या शोधू लागले: फायर हॉलमधली (अग्निशमन दलाच्या सभागृहातली) बंदुकांची प्रदर्शनं, कुणी गेल्यावर घरातलं सगळं विकायला काढतात ते इस्टेट सेल, एखाद्या बंद पडत आलेल्या दुकानाची मागची खोली.

आणि तिथे माझी गाठ दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी पडली. संग्राहक. त्याला काडतूस नको, पुठ्ठा हवा. अस्वलाचं चित्र असलेली, कोपरे न दुमडलेली, वीसच्या वीस भरलेली पेटी तो काचेच्या कपाटात ठेवतो. पुठ्ठा जितका कोरा तितका भाव चढा. जुन्या वस्तू जपणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कुणीतरी त्या जपल्याच पाहिजेत. पण हल्ली तिसरी एक जात निघाली आहे, जी ना शिकार करते ना संग्रह. इस्टेट सेलला सकाळी पहिली येते, नवऱ्याच्या मरणाने गोंधळलेल्या बाईकडून सगळ्या पेट्या एका भावात उचलते आणि आठवडाभरात तिप्पट किमतीला विकते. ज्या मापाच्या रायफली अजून घराघरांत आहेत त्या मापाची काडतुसं अशी दाबून ठेवणं मला चुकीचं वाटतं, आणि मी ते अशांच्या तोंडावर सांगते. मी जास्त पैसे देते ते शक्यतो त्या बाईच्या हातात पडावेत म्हणून धडपडते.

नव्वद डॉलरची ही पेटी अशाच एका घरातून आली. विकायला मुलगा बसला होता. टेबलावर दोन पेट्या होत्या. एक कोरी करकरीत, तिचे त्याला दीडशे हवे होते आणि ती उघडायची नाही अशी अट. दुसरीचा पुठ्ठा एका बाजूने फाटका, झाकणाच्या आत कुणीतरी लिहिलेलं: “१०० यार्ड, दोन इंच वर.” म्हणजे शंभर यार्डांवर गोळी नेमाच्या दोन इंच वर बसते. मी फाटकीकडे गेले. न उघडता काडतुसं विकत घेणं मला जमणार नाही, हे मी त्याला नीट समजावलं. त्याने खांदे उडवले आणि खुर्ची पुढे केली. मी भिंग काढून एकेक काडतूस बघायला बसले.

काय बघते ते सांगते. तळावरचा शिक्का विसांचाही एकच आहे ना. जुन्या कारखानी पेटीत घरी भरलेली काडतुसं ठेवायची पद्धत इथे सर्रास आहे. त्यात वाईट हेतू नसतो, पेटी हाताशी होती म्हणून ठेवलेली असतात. पण कुणी किती दारू भरली ते कळायला मार्ग नाही. म्हणून शिक्के मिसळलेले दिसले, प्रायमर वेगवेगळ्या रंगाचे दिसले, पुंगळीवर साच्यातून पुन्हा काढल्याचे ओरखडे दिसले तर मी हात लावत नाही. मग प्रायमरभोवती हिरवट काही आहे का. मग गोळी पुंगळीत घट्ट आहे का, की बोटाने फिरते. मग वास. आत दारू कुजायला लागली असेल तर आंबट, नाकाला झोंबणारा वास येतो. धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती आपोआप हळूहळू विघटित होत राहते. तिला आवर घालायला स्थिरक मिसळलेला असतो. थंड, कोरड्या जागी तो दशकानुदशकं टिकतो, पत्र्याखालच्या तापलेल्या माळ्यावर लवकर संपतो. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो: घरात कुठे ठेवली होती? मुलगा म्हणाला, “खालच्या मजल्यावर, वडिलांच्या कपाटात.” मला बरं वाटलं.

आणि शेवटी मान. बाबा म्हणाले ती. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. चकतीपासून ओढत ओढत त्याची पुंगळी होते, आणि या ओढाताणीत धातूच्या आत ताण अडकून बसतो. बाहेरून काही दिसत नाही. मग ओलावा आणि अमोनिया मिळाला की कणाकणांमधल्या सांध्यांतून बारीक तडे जातात. हे जगाला कळलं ते आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्याच्या महिन्यांत घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पावसाची दमट हवा, दोन्ही एकत्र आलं आणि पितळ आपोआप तडकू लागलं. त्या ऋतूवरूनच या दोषाला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण पक्कं केलं. उपाय साधा होता: पुंगळीला मंद आच देऊन आतला ताण काढून टाकायचा. कॉलेजात हा धडा शिकताना मी तो परीक्षेपुरता शिकले होते. पेनसिल्व्हेनियातल्या कुणा परक्याच्या गॅरेजमध्ये, गुडघ्यांवर रुमाल पसरून, मानेवरची केसाएवढी रेघ शोधताना तो मला अक्षर न्‌ अक्षर आठवत होता. विसातल्या दोन काडतुसांवर ती रेघ सापडली. मी ती मुलाला दाखवली. त्याने भिंग हातात घेऊन बराच वेळ पाहिलं, मग आपणहूनच दहा डॉलर कमी केले. शंभराचे नव्वद झाले ते असे. ती दोन काडतुसं मी वेगळी काढून नेमबाजीच्या क्लबात नष्ट करायला दिली.

नवीन पेटी मिळत असेल तर नवीन घ्या, असंच मी कुणालाही सांगेन. ती स्वस्त पडते आणि तिच्यावर विसंबता येतं. मग मी जुनी का घेते? आबांच्या रायफलीवर मागे नेम धरायची छोट्या भोकाची साइट आहे, दुर्बीण नाही. ती साइट आबांनी याच सिल्व्हरटिपवर लावलेली आहे आणि गेली कित्येक वर्षं तिला कुणी हात लावलेला नाही. रायफलीचंही स्वतःचं एक मत असतं. काही नळ्यांना एखादी गोळी आवडते, एखादी आवडत नाही. टंचाईच्या काळात मी जे मिळेल ते झाडून पाहिलं. सगळ्यांत जवळ जवळ छिद्रं पाडली ती या जुन्या मालाने. हरणाच्या छातीत, पुढच्या पायाच्या किंचित मागे, थाळीएवढी जागा असते. गोळी तिथे बसली तर जनावर काही पावलांत कोसळतं. चार बोटं मागे बसली तर ते दिवसभर तडफडत रानात फिरतं. हे एकदा पाहिलेला माणूस काडतुसाच्या किमतीवर वाद घालत नाही. मी पैसे मोजते ते त्या थाळीएवढ्या जागेसाठी.

म्हणून पेटी आणली की ती थेट रानात जात नाही. आधी नेमबाजीच्या रेंजवर. जुन्या काडतुसाचा चाप ओढल्यावर नुसतं ‘खट्’ झालं तर रायफल तशीच समोर रोखून थांबायचं, चांगला अर्धा मिनिट, कारण बार उशिरानेही होतो. मग लिव्हर उघडायची. एका पेटीतलं एक जरी काडतूस असं गेलं तर मी ती पेटी कागदी निशाण्यावरच संपवते, हरणावर नाही. पैसे गेले तर गेले. या पेटीने मात्र निराश केलं नाही. झाकणात लिहिलं होतं तसंच, शंभर यार्डांवर दोन इंच वर. ते लिहिणारा माणूस मी कधी पाहिला नाही, पण त्याचा हिशोब बरोबर होता.

हरणांचा हंगाम पूर्वी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि या भागातल्या शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. २०१९पासून तो शनिवारवर आणला. आबांना ते अजून पटलेलं नाही. मला नोकरीमुळे शनिवार सोयीचा पडतो, हे मी त्यांच्यासमोर बोलत नाही. डोक्यावर आणि छातीपाठीवर मिळून अडीचशे चौरस इंच भडक नारिंगी रंग घालणं कायद्याने सक्तीचं आहे. ती टोपी आणि जाकीट घालून मी पॉटर काउंटीत हेमलॉकच्या एका उतारावर बसते, आणि गोळी झाडायची पाळी बहुतेक वेळा एकदाच येते. एका हरणाचं हाडाविना मांस वीसेक किलो निघतं. त्याची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती कसून काढायची. मग कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, वर आगळ. आबा ते भाकरीशी खातात, तिखटाने डोळे पुसत पुसत. दुसरं हरीण मिळालं तर ते ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’कडे जातं. १९९१पासून चाललेला हा इथला उपक्रम, शिकाऱ्यांनी दिलेलं मांस गरजूंच्या अन्नपेढ्यांपर्यंत पोचवतो.

साडेचार डॉलरचं एक काडतूस. आणि एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. १९३७च्या कायद्याने अमेरिकेत काडतुसांवर अकरा टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनासाठीच राखून ठेवलेला असतो. माझ्या पेटीचा कर ती बनली तेव्हाच, त्या चार डॉलर पंधरा सेंटांतून भरला गेला. ज्या रानात मी आज बसते ते रान आणि ती हरणं पुन्हा उभी राहिली त्यात अशा पेट्यांचा वाटा आहे. तिच्यातलं काडतूस काचेच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा रानात कामी यावं, असं मला वाटतं त्याचं हेही एक कारण.

हा जुना माल आता फार दिवस पुरणार नाही. मिळतात त्या पेट्या वर्षागणिक कमी आणि महाग होत चालल्या आहेत, आणि भिंगाखाली नापास होणाऱ्या वाढत आहेत. म्हणून या उन्हाळ्यात मी १५० ग्रेनच्या नव्या काडतुसांच्या काही पेट्या आणून ठेवल्या आहेत. त्यांच्यावर साइट नव्याने लावायची म्हणजे आबांनी लावलेला स्क्रू हलवावा लागणार. तो मी त्यांच्या परवानगीशिवाय हलवणार नव्हते. विचारलं, तर त्यांनी मलाच बजावलं, “आधी आत्ताची रेघ कागदावर टिपून ठेव, मग हलव. आणि मला रेंजवर घेऊन चल. दिसलं नाही तरी बार कसा झाला ते ऐकून सांगेन.” पुढच्या रविवारी जायचं ठरलं आहे.